फळीतला खर्ज

घरच्या घरी बेस गिटार घडवताना कुठे काटेकोर राहायचं आणि कुठे मोकळं

मिरजेच्या सतारमेकर गल्लीत तंबोरा घडताना पाहिला की भोपळ्याचं काम लगेच ध्यानात येतं. पंढरपूरच्या बाजूला पिकणारा मोठा भोपळा वाळवून कापतात आणि त्यावर लाकडाची तबली बसवतात. तार छेडली की थरथर घोडीतून तबलीत उतरते, आतली हवा हलते आणि बारीकशा तारेचा आवाज खोलीभर होतो. सतार, व्हायोलिन, साधी गिटार या सगळ्यांचा हिशेब तोच. पोकळी आहे म्हणून आवाज आहे.

आता ऑर्केस्ट्रात ड्रमच्या शेजारी उभ्या असलेल्या बेस गिटारवाल्याकडे बघा. त्याच्या गळ्यात पावणेदोन इंच जाडीची भरीव फळी आहे. तिला ना भोपळा, ना आवाजासाठी भोक. तरी अख्ख्या वाद्यमेळातला सर्वांत खालचा खर्ज तीच देते. मागची वायर काढली, तर मात्र ती पहिल्या रांगेतसुद्धा ऐकू जाणार नाही.

मग ही फळी करते तरी काय? आणि आवाज फळीचा नसेलच, तर कुठल्याही फळीची बेस गिटार घरी बनवता येईल का? बनवता येते, आणि जगभर हौशी माणसं ती बनवतात. या वाद्यात काही जागी अर्ध्या मिलिमीटरचीही सूट मिळत नाही आणि काही जागी मनाला येईल ते चालतं. कोणती जागा कुठल्या प्रकारातली, हे वाद्य चालतं कसं ते समजलं की आपोआप उमगतं.

तार हलते, वीज होते

बेसच्या तारांखाली एक काळी, लांबट डबी दिसते. ती पिकअप. तिच्या आत लोहचुंबक असतात आणि त्यांच्याभोवती सुमारे ०.०६ मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या तारेचे हजारो वेढे असतात. वाद्याच्या तारा पोलाद, निकेल अशा चुंबकाला दाद देणाऱ्या धातूंच्या. चुंबक आपल्या डोक्यावरच्या तारेलाही थोडं चुंबकत्व देतो. तार हलली की वेढ्यांमधून जाणारं चुंबकीय क्षेत्र कमीजास्त होतं आणि त्यामुळे वेढ्यांत वीज निर्माण होते. मायकल फॅरडे यांनी १८३१ मध्ये दाखवून दिलेलं हे तत्त्व. तार सेकंदाला ४१ वेळा थरथरली, तर वीजही सेकंदाला ४१ वेळा पुढे-मागे होते. ही इवलीशी वीज अॅम्प्लिफायर मोठी करतो आणि स्पीकर तिच्या जोरावर हवा हलवतो. भोपळ्याचं काम वाद्याबाहेर गेलं ते असं.

पण पिकअपला तारेची वीज कोणती आणि घरातल्या वायरिंगची कोणती, हा भेद कळत नाही. आपल्याकडचा वीजप्रवाह सेकंदाला ५० आवर्तनांचा. बेसच्या सर्वांत जाड तारेवर तिसऱ्या पडद्यापाशी, म्हणजे मानेवरच्या धातूच्या तिसऱ्या आडव्या पट्टीपाशी, निघणारा स्वर ४९ आवर्तनांचा. म्हणजे विजेची घरघर नेमकी बेसच्या स्वरांतच घुसते. ती गाळायला जावं, तर सोबत संगीतही गाळलं जातं.

यावरचा तोडगा १९५७ मध्ये फेंडर कंपनीच्या बेसवर आला. पिकअपचे दोन तुकडे केले. एक तुकडा दोन जाड तारांखाली, दुसरा दोन बारीक तारांखाली. दोन्हींचे वेढे अशा तऱ्हेने जोडले, की बाहेरची घरघर एकात सुलट आणि दुसऱ्यात उलट उमटते. दोन्ही एकत्र आल्या की एकमेकींना खोडतात. प्रत्येक तार मात्र एकाच तुकड्याच्या वर असल्यामुळे तिचा स्वर शाबूत राहतो. पहिल्यांदा बेस बनवणाऱ्याने हाच पिकअप घ्यावा. शिवाय वायरिंगच्या खाचेला आतून तांब्याचा पत्रा चिकटवावा आणि घोडीपासून एक वायर सर्किटच्या अर्थला जोडावी. बऱ्याच बेसवर तारांना हात लावताच खरखर थांबते, ती या वायरीमुळेच. वाजवणाऱ्याचं शरीरही आजूबाजूचा गोंगाट गोळा करत असतं. तारांना स्पर्श झाला की ते अर्थला जोडलं जातं.

फळीचं खरं काम

फळीने आवाज मोठा करायचा नाही, पण तारेची दोन टोकं घट्ट धरून ठेवायची आहेत. टोक डगमगलं की तारेची शक्ती लाकडात झिरपते आणि स्वर लवकर मरतो. याचं उदाहरण अनेक बेसवर सापडतं. सर्वांत बारीक तारेवर पाचव्या ते सातव्या पडद्याच्या आसपास एखादा स्वर इतरांपेक्षा लवकर विझतो. लांब मानेची स्वतःची एक थरथरण्याची गती असते. त्या स्वराची गती तिच्याशी जुळली की मान डोलू लागते आणि तारेची शक्ती खाते. म्हणून मान ताठ हवी, सांधे घट्ट हवेत. धडासाठी अमुकच लाकूड हवं की तमुक, यावर वादक तासन्‌तास भांडतात. घडवणाऱ्याने आधी ताठपणा, वजन आणि लाकूड वाळलं आहे की नाही, एवढं बघावं.

घरी बेस बनवणं आवाक्यात आलं याचं बरंचसं श्रेय लिओ फेंडर यांना जातं. कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन गावी त्यांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं आणि त्यांना स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती. बॅंडमधला बेस तोवर माणसाएवढ्या उंच डबल बेसवर वाजे. त्याला पडदे नसतात, स्वराची जागा कानाने शोधायची. सिअॅटलच्या पॉल टटमार्क यांनी १९३० च्या दशकातच पडद्यांची, आडवी धरायची विद्युत बेस बनवली होती, पण ती फारशी पसरली नाही. फेंडर यांची ‘प्रिसिजन बेस’ १९५१ मध्ये आली आणि टिकली. सपाट फळीचं धड, वेगळी घडवलेली मान, दोन्ही चार स्क्रूंनी जोडलेली. मान बिघडली तर काढून नवी लावा. कारखान्यासाठी केलेली ही सोय घरातल्या हौशी सुताराच्याही पथ्यावर पडली.

एका मापावर उभं वाद्य

बेसच्या चार तारा सेकंदाला सुमारे ४१, ५५, ७३ आणि ९८ वेळा थरथरतात. गिटारच्या खालच्या चार तारांपेक्षा बरोबर एक सप्तक खाली. तार खाली उतरवण्याचे तीन मार्ग आहेत: ती लांब करा, जाड करा किंवा सैल सोडा. फार सैल तार पडद्यांवर आपटते. आखूड आणि फार जाड तार सळईगत ताठ होते आणि तिचे उपस्वर बेसूर निघतात. म्हणून लांबी वाढवावी लागते. गिटारची तार बहुधा साडेपंचवीस इंचांची, तर बेसची ३४ इंचांची, म्हणजे सुमारे ८६४ मिलिमीटर. ३० इंचांच्या आखूड बेसही असतात, पण तारा, घोड्या, तयार माना यांची निवड ३४ इंचांत सर्वांत मोठी.

ही लांबी ठरली की पडद्यांच्या जागा गणिताने ठरून जातात. सप्तकात बारा पायऱ्या असतात. प्रत्येक पायरीला तारेची उरलेली लांबी १७.८१७ ने भागायची आणि आलेल्या अंतरावर पुढचा पडदा बसवायचा. बाराव्या पडद्यापाशी तार बरोबर अर्धी होते.

> ३४ इंचांच्या (८६३.६ मिमी) तारेवर पडदे कुठे येतात?
> (नटपासूनचं अंतर; खुंट्यांजवळच्या खाचांच्या पट्टीला नट म्हणतात)
>
> पहिला पडदा: ४८.५ मिमी
> दुसरा: ९४.२ मिमी
> तिसरा: १३७.४ मिमी
> पाचवा: २१६.६ मिमी
> सातवा: २८७.२ मिमी
> बारावा: ४३१.८ मिमी
> विसावा: ५९१.६ मिमी

प्रत्येक अंतर नटपासूनच मोजायचं. आधीच्या पडद्यापासून मोजत गेलं, तर दर वेळची बारीक चूक साठत जाते आणि विसाव्या पडद्यापर्यंत स्वर हातचा गेलेला असतो. वरच्या टोकाला पडदे दाटीने येतात. एकोणिसाव्या आणि विसाव्यात जेमतेम १६ मिलिमीटर असतात, त्यामुळे तिथे अर्ध्या मिलिमीटरची चूक खालच्या पडद्यांपेक्षा जास्त जाणवते.

घोडी मात्र बरोबर ८६४ वर बसवून चालत नाही. तार पडद्यावर दाबली की ती किंचित ताणली जाते आणि स्वर चढतो. जाड तारेचा ताठपणा त्यात भर घालतो. हा चढ काढण्यासाठी प्रत्येक तार गणितापेक्षा थोडी लांब ठेवतात: बारीक तार मिलिमीटर-दोन मिलिमीटर, जाड तार त्याहून जास्त. म्हणून बेसच्या घोडीवर प्रत्येक तारेला स्क्रूने मागे-पुढे सरकणारा स्वतंत्र टेकू असतो. घोडीची भोकं पाडण्याआधी बारीक तारेचा टेकू जवळजवळ पुढे आणून तो ८६४ च्या रेषेवर धरावा, म्हणजे मागे सरकवायला भरपूर जागा उरते.

मान: ऐंशी किलोंशी झुंज

चार तारा सुरात लावल्या की सगळ्या मिळून मानेला सुमारे ८० किलोंचा ताण देतात, दिवसरात्र. मुलं बांबूच्या कामटीच्या दोन टोकांना सुतळी बांधून धनुष्य करतात. मान ही त्यातली कामटी आणि तारा ही सुतळी. नुसत्या लाकडाची मान काही महिन्यांत वाकते आणि तारा मधोमध हातभर उंच वाटू लागतात.

उपाय मानेच्या पोटात दडलेला असतो. फिंगरबोर्ड, म्हणजे पडदे बसवायची पट्टी, चिकटवण्याआधी मानेत लांब चर पाडून त्यात पोलादी सळई, म्हणजे ट्रस रॉड बसवतात. गिब्सन कंपनीने १९२० च्या दशकात ही युक्ती गिटारमध्ये आणली. सळईच्या टोकाचा नट (हा आट्यांचा, तारांच्या खाचांचा नव्हे) आवळला की सळई मानेला तारांच्या उलट दिशेने वाकवू पाहते आणि दोन्ही ताण तोलले जातात. चर घट्ट हवा. सळई आत सैल राहिली, तर वाजवताना खुळखुळते.

मान अगदी सरळही नको. थरथरणारी तार मधोमध सर्वांत जास्त फुगते, म्हणून तिला जागा द्यायला मानेला अगदी हलका खोलगटपणा ठेवतात. तो तपासण्यासाठी एखादी तार पहिल्या आणि शेवटच्या पडद्यावर एकाच वेळी दाबायची. ताणलेली तार हीच आपली पट्टी. सातव्या-आठव्या पडद्यावर तार आणि पडदा यांत सुमारे ०.३ मिलिमीटर फट असावी. व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकावं इतकी. सळईचा नट एका वेळी पाव फेराच फिरवावा. पीळ पडलेली मान सळईने दुरुस्त होत नाही. म्हणून मानेचं लाकूड निवडताना रेषा सरळ, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत न तुटता गेलेल्या हव्यात. दोन-तीन पट्ट्या एकमेकींच्या उलट रेषांनी चिकटवून केलेली मान अधिक विश्वासू. एका पट्टीचा वाकण्याचा कल दुसरी अडवते.

लाकूड आणि पावसाळा

फेंडरच्या बेसचं धड बहुधा अॅश किंवा अॅल्डरचं आणि मान मेपलची. आपल्याकडच्या वखारीत साग, महोगनी आणि शिसव मिळतं. सागाचं धड टिकाऊ होतं, पण सागात तेल असतं. चिकटवायच्या बाजू ताज्या रंधलेल्या हव्यात आणि थिनरने पुसून लगेच जोडायला हव्यात. शिसव धडासाठी जड, मात्र फिंगरबोर्डसाठी उत्तम. दाट, कडक, पडद्यांना घट्ट धरणारं भारतीय शिसव जगभरच्या गिटारांवर दिसतं. या जातीच्या लाकडाच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर २०१७ पासून निर्बंध आले आणि २०१९ मध्ये तयार वाद्यांना सूट मिळाली. लाकूड परवानाधारक वखारीतून, पावतीसहच घ्यावं.

लाकूड हवेतला ओलावा घेतं आणि सोडतं. फुगतं-आक्रसतं ते आडव्या दिशेने. रेषांच्या लांबीत फरक नगण्य. हा स्वभाव आपल्या फायद्याचा आहे, कारण पावसाळ्यात धड रुंदीने किंचित वाढलं तरी ८६४ चं माप हलत नाही. अडचण वेगळ्या ठिकाणी येते. पावसाळ्यात फिंगरबोर्डवर पडदे ठोकून टोकं घासली, की उन्हाळ्यात लाकूड अरुंद होतं आणि धातूची टोकं कडेला बाहेर येऊन हाताला टोचतात. म्हणून फळ्या ज्या घरात वाद्य राहणार तिथेच काही आठवडे रचून ठेवाव्यात, मध्ये पट्ट्या घालून, चारी बाजूंनी हवा लागेल अशा.

खाच आणि तोल

धड कापणं हे कामातलं सर्वांत मोकळं काम. शिंगं हवी तशी काढा. आधी पातळ एमडीएफचा साचा करावा, कडा कानशीने नीट कराव्यात आणि मग साच्याच्या आधाराने राउटर फिरवावा. साच्यातला खड्डा फळीत उतरतोच. राउटर एकदम खोल घालू नये. आधी ड्रिलने पोकळ करून मग थोडं थोडं. शिसव आणि सागाची धूळ नाका-घशाला चांगलीच लागते, मास्क हवाच.

या मोकळ्या कामात दोन जागा काटेकोर आहेत. पहिली मानेची खाच. फेंडर पद्धतीत ती सुमारे ६३.५ मिलिमीटर रुंद आणि १६ मिलिमीटर खोल असते. मान हाताने दाबून बसावी आणि धड उचललं तरी गळून पडू नये, इतकी घट्ट. दुसरी म्हणजे मधली रेषा. नटपासून घोडीपर्यंत सगळं एकाच सरळ रेषेवर हवं, नाहीतर बारीक तार कडेवरून घसरते. घोडीची भोकं म्हणूनच सर्वांत शेवटी पाडायची. मान बसवून कडेच्या दोन तारांच्या जागी दोरे ताणायचे आणि दोन्ही दोरे मानेच्या कडांपासून सारख्या अंतरावर आले, की मगच खूण करायची.

आकार निवडताना तोलाचा विचार करावा. लांब मान आणि टोकाच्या जड खुंट्यांमुळे बेसचं डोकं खाली झुकतं. बेसचं वरचं शिंग लांबलचक दिसतं, ते ऐटीसाठी नाही. पट्ट्याची गुंडी बाराव्या पडद्याच्या जवळपास आली की वजन दोन्हीकडे वाटलं जातं.

रंग आणि पॉलिश

पॉलिशचं पहिलं काम लाकडाचा श्वास मंद करणं. कुठलंही पॉलिश ओलावा पूर्ण अडवत नाही, पण देवाणघेवाण इतकी हळू करतं, की एका पावसाळी रात्रीत लाकूड गोंधळत नाही.

आधी घासणं. ८० नंबरच्या पॉलिश पेपरपासून १२०, १८० करत २४० पर्यंत, कायम रेषांच्या दिशेने. मग ओल्या फडक्याने पुसून वाळू द्यावं. दबलेले तंतू उभे राहतात, ते पुन्हा हलकेच घासावेत. सागासारख्या उघड्या छिद्रांच्या लाकडावर गुळगुळीत चकाकी हवी असेल, तर आधी फिलरने छिद्रं भरावी लागतात.

पॉलिशचे प्रकार अनेक, पण ते वाळतात दोनच तऱ्हांनी. लाखेचं पॉलिश आणि नायट्रोसेल्युलोज लॅकर नुसतं उडून वाळतं: स्पिरिट किंवा थिनर हवेत जातं आणि पातळ थर मागे उरतो. नवा हात दिला की त्यातलं थिनर आधीचा थर थोडा विरघळवतं आणि दोन्ही एकजीव होतात. ओरखडा पडला तर तेवढाच भाग पुन्हा करता येतो. पॉलियुरेथेन आणि जवसाचं तेल रासायनिक क्रियेने घट्ट होतं, रेणू एकमेकांना साखळ्यांनी जोडले जातात. तो थर पुन्हा विरघळत नाही. म्हणून पूर्ण वाळल्यावर दुसरा हात देण्याआधी बारीक कागदाने घासून पकड तयार करावी लागते.

पावसाळ्यात लॅकर मारलं की बऱ्याचदा त्यावर दुधी छटा येते. थिनर उडताना पृष्ठभाग थंड होतो आणि दमट हवेतलं पाणी त्या ओल्या थरात दव होऊन अडकतं. कोरडा दिवस निवडणं आणि हात पातळ देणं हाच उपाय. लॅकर ज्वालाग्राही आहे. गॅस, देवघरातला दिवा, उदबत्ती यांपासून लांब, उघड्या जागी मारावं. जवसाच्या तेलाचे बोळे गोळा करून टाकू नयेत. तेल घट्ट होताना उष्णता बाहेर पडते आणि चुरगळलेला बोळा आपोआप पेटू शकतो. ते उलगडून मोकळ्या हवेत वाळत घालावेत.

शेवटचा हात दिल्यावर थर आतपर्यंत पक्का व्हायला आठवडे लागतात. घाईने घासला तर पुढे तो आक्रसून लाकडाच्या रेषा वर दिसू लागतात. वाट बघितल्यावर पाणी लावून ८०० पासून २००० नंबरपर्यंत कागद आणि मग रबिंग कंपाउंड. मानेची पाठ मात्र चकचकीत नको, घामेजला अंगठा तिथे चिकटतो. तेल किंवा मॅट पॉलिश बरं.

फिनिशचा आवाजावर थेट परिणाम दिसतो तो बिनपडद्याच्या बेसवर. बेसवादक जॅको पास्टोरियस यांच्या १९६२ च्या फेंडर ‘जॅझ बेस’चे पडदे काढून फटी बुजवल्या होत्या आणि फिंगरबोर्डवर बोटींसाठीचं इपॉक्सी चढवलं होतं. पडदे नसले की तार थेट लाकडावर दाबली जाते आणि खरबरीत वेढ्यांची तार लाकूड कुरतडते. कडक इपॉक्सीने लाकूड वाचलंच, शिवाय तारेचं टोक कठीण पृष्ठभागावर टेकल्यामुळे स्वर उजळ आणि गाता झाला. टोक घट्ट धरलं की तार गाते, हाच नियम तिथेही लागू पडला.

जुळवणीचा क्रम

तारा चढवल्यावर चार गोष्टी याच क्रमाने कराव्यात, कारण प्रत्येक पुढची मागचीवर टेकलेली आहे. आधी ट्रस रॉडने मानेचा खोलगटपणा. मग घोडीच्या टेकूंनी तारांची उंची, बाराव्या पडद्यावर दोन-अडीच मिलिमीटर. त्यानंतर तारेची लांबी: बाराव्या पडद्यावर तार नुसती स्पर्शून निघणारा स्वर आणि दाबून निघणारा स्वर ट्यूनरवर ताडून पाहायचे. दाबलेला स्वर चढा असेल तर टेकू मागे, उतरता असेल तर पुढे. शेवटी पिकअपची उंची. तो तारांच्या फार जवळ गेला तर चुंबकच तारेला ओढून स्वर बिघडवतो.

> थोडक्यात
>
> सूट नाही: पडद्यांच्या जागा, मधली रेषा, मानेची खाच, घोडीची जागा, मानेच्या लाकडाच्या रेषा, लाकडाचा वाळलेपणा.
>
> थोडी सूट: धडाचं वजन, तोल, पिकअपची जागा, वायरिंगची मांडणी.
>
> पूर्ण सूट: धडाचा आकार, रंग, पॉलिशचा प्रकार, धडासाठी लाकडाची जात.

या यादीत एक गोष्ट उघड दिसते: सूट नसलेली बहुतेक कामं मानेशी निगडित आहेत. त्यामुळे पहिल्या वेळी मान तयार विकत घेणं आणि धड, वायरिंग, पॉलिश स्वतः करणं शहाणपणाचं. हात बसला की दुसऱ्या वाद्याला मानही घडवावी. आणि रंगाच्या डब्याचं झाकण उघडण्याआधी कोऱ्या लाकडावरच सगळं जोडून, तारा चढवून, अॅम्प्लिफायरला लावून आठवडाभर वाजवून बघावं. खाच रुंदावणं, भोक बुजवून शेजारी नवं पाडणं, शिंग थोडं घासून वजन उतरवणं ही सगळी कामं कोऱ्या लाकडावर तासाभराची असतात. पॉलिश झाल्यावर त्यांच्यासाठी पुन्हा ८० नंबरच्या कागदापासून सुरुवात करावी लागते.